रानातल्या जुन्या खुणा ओळखा

तुम्ही रानात जाता. कुणी गुरांमागे जाते, कुणी सरपणाला जाते, कुणी सीताफळांच्या दिवसांत टोपले घेऊन जाते. तिथे झुडपांत कधी एखादा घडीव दगड दिसतो. कधी पडक्या भिंतीचा तुकडा दिसतो. कधी जमिनीत गोल तोंडाचा खड्डा दिसतो. बरोबरची पोरे विचारतात, "हे काय आहे हो?" मग कुणी सांगते, "राक्षसाचं जातं आहे." कुणी सांगते, "पांडवांनी एका रातीत केलं." आणि कुणी हळूच कानाशी लागून म्हणते, "खाली धन आहे!"

या गोष्टी ऐकायला बऱ्या वाटतात. पण ते दगड राक्षसाचे नाहीत. ते आपल्यासारख्याच कष्टकरी माणसांचे आहेत. कुणी तिथे पाणी काढले, कुणी तेल गाळले, कुणी चुना मळला, कुणी ज्वारी साठवली. काम संपले, माणसे गेली, दगड मागे राहिले. ते दगड ओळखता आले, तर त्याचा आपल्याला उपयोगही होतो. कसा, ते सांगतो.

आजीने ओळखलेला दगड

१९७२ साली मोठा दुष्काळ पडला. मी तेव्हा शाळेत जाणारा मुलगा होतो. पुढच्या उन्हाळ्यात गावच्या विहिरी आटल्या. बायांना पाण्यासाठी लांब जावे लागे. आमच्या शिवाराच्या कडेला बाभळीच्या रानात एक मोठा दगड होता. मधे खोलगट, एका बाजूला तोंड काढलेले. आम्ही पोरे त्यावर बसून बोरे खात असू. घरी एकदा त्याची गोष्ट निघाली. आजी म्हणाली, "अरे, ते तर थारोळं! थारोळं आहे तिथं विहीर असलीच पाहिजे."

चार म्हातारी माणसे तिथे गेली. त्यांनी बाभळी तोडायला लावल्या. खाली खरेच बुजलेली विहीर निघाली. गावाने गाळ उपसला. पाणी फार लागले नाही, पण घरटी घागरभर मिळू लागले. तो उन्हाळा तेवढ्यावर निघाला. ज्या दगडावर आम्ही नुसते बसत होतो, त्याने गावाला पाणी दाखवले. दगड तोच होता. ओळखणारे माणूस हवे होते.

मोटेची विहीर

आता मोटा राहिल्या नाहीत. विजेचे पंप आले. पण मोटेच्या विहिरी रानोमाळ आहेत. त्या अशा ओळखाव्या.

विहिरीच्या एका काठावर दगडी बांधकाम असते. त्यावर लाकडी चाक बसवत. काठाशी थारोळे असते. मोटेतले पाणी थारोळ्यात पडे आणि पाटाने शेतात जाई. विहिरीपासून लांब जाणारी उतरती वाट असते, तिला धाव म्हणतात. बैल धावेवरून खाली चालत आणि भरलेली मोट वर येई. उतारामुळे बैलांना ओढायला सोपे जाई. जाड दोराला नाडा म्हणत, बारीक दोराला सोंदूर. काठच्या दगडांवर दोर घासून पडलेले चरे अजून दिसतात. हात फिरवून पाहा, गुळगुळीत लागतात.

धावेची लांबी पावलांनी मोजा. मोट जेवढी खोल जाई, तेवढेच बैलांना चालावे लागे. म्हणून धाव साधारण विहिरीच्या खोलीएवढी असते. विहीर बुजलेली असली, तरी ती किती खोल होती याचा अंदाज धाव पाहून येतो. दोन थारोळी दिसली, तर दोन मोटा चालत होत्या, म्हणजे पाणी चांगले होते असे समजावे.

बारव ही याहून जुनी आणि मोठी. तिला आत उतरायला दगडी पायऱ्या असतात, भिंतीत देवळ्या असतात. आपल्या शेजारी परभणी जिल्ह्यात चारठाणा आणि वालूर इथल्या बारवा नावाजलेल्या आहेत. वालूरच्या बारवेच्या पायऱ्या गोल फिरत खाली जातात. ती गाळाने, कचऱ्याने भरली होती. गावकऱ्यांनी ती साफ केली, आणि आता लांबून लोक ती पाहायला येतात.

चुन्याची घाणी आणि तेलाचा घाणा

या दोन्हींची गफलत होते. नीट ध्यानात घ्या.

चुन्याची घाणी म्हणजे जमिनीत केलेला गोल दगडी चर. वरून पाहिले तर मोठ्या बांगडीसारखा दिसतो. मधे खांब रोवत. खांबाला आडवे लाकूड आणि त्याला दगडी चाक. बैल किंवा रेडा गोल फिरे, चाक चरातून फिरे, आणि चुना व वाळू मळून एकजीव होई. हेच ते "राक्षसाचे जाते". ते दगडी चाक बहुधा जवळच कुठेतरी आडवे पडलेले असते.

आपल्या काळ्या रानात आणि ओढ्याच्या काठी चुनखडीचे पांढरे खडे सापडतात. ते भट्टीत लाकडाच्या थरांत रचून भाजत. त्याला सुमारे ९०० अंश उष्णता लागते. भाजल्यावर कळीचा चुना होतो. त्यावर पाणी टाकले की तो खदखदतो आणि फुटतो. मग तो घाणीत मळत. बांधकाम पक्के व्हावे म्हणून त्यात गूळ, हिरडा, बेलफळ असेही काही घालत. १८२४ साली इंग्लंडात सिमेंटची एक नवी रीत निघाली. पुढे ते सिमेंट जगभर गेले आणि चुन्याच्या घाणी हळूहळू थांबल्या.

घाणी दिसली, की आसपास मोठे बांधकाम शोधा. गढी, देऊळ, बारव, पूल, काहीतरी असतेच. कारण चुना लांबून आणणे परवडत नसे. जिथे काम, तिथेच घाणी.

तेलाचा घाणा वेगळा. तो बांगडीसारखा नसतो, उखळासारखा असतो. मोठा दगड, वर खोल वाटी. त्यात लाकडी लाट उभी असे. बैल लाटेला फिरवी आणि करडई, तीळ, जवस चिरडून तेल निघे. दगडाच्या आतली बाजू बोटांनी तपासा. तेलाने आणि घासण्याने ती काचेसारखी गुळगुळीत झालेली असते. असा घाणा रानात दिसला, तर तिथे कधीकाळी वस्ती होती हे नक्की. कारण तेल गाळणारा माणूस गावातच राही, रानात नाही.

गुऱ्हाळ, भट्टी आणि लोखंडाची कीट

कुठे जमिनीत मोठा गोल खड्डा असतो आणि त्याची माती विटेसारखी लाल, भाजलेली असते. खणले तर राख लागते. ते गुऱ्हाळाचे चुलवण असू शकते. चुलवणावर काहील ठेवत आणि उसाचा रस आटवून गूळ करत. जवळ जुना पाट किंवा विहीर असेल तर ही खूण पक्की, कारण पाण्यावाचून ऊस नाही. पाणी नाही आणि आसपास चुनखडीचे भाजके, पांढरे तुकडे आहेत, तर ती चुनाभट्टी समजावी. विटांचे वाकडे, काळपट तुकडे पसरलेले असतील, तर वीटभट्टी.

एक दगड मात्र फसवतो. तो काळा असतो, जड असतो, अंगावर भोके असतात. लोक म्हणतात, ही लोखंडाची कीट, इथे लोहारांची भट्टी होती. कधी ते खरे असते. पण आपल्या जिल्ह्याचा साधा काळा दगडही भोकांचा असतो. तो सुमारे सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वी जमिनीतून निघालेल्या तप्त रसापासून झाला. रस थंड होताना त्यात वायूचे फुगे अडकले, तीच ती भोके.

मग फरक कसा करावा? कीट आटवलेल्या गुळासारखी ओघळून थिजलेली दिसते. तिच्यावर कुठे काचेसारखी चकाकी असते, कुठे तांबूस गंज असतो. तिच्याबरोबर कोळशाचे कण आणि भात्याच्या मातीच्या नळीचे तुकडे सापडतात. साधा दगड एकटा असतो, आणि खालचा खडकही त्याच जातीचा असतो.

नागपूरकडे नैकुंड नावाचे गाव आहे. तिथे उत्खनन झाले, तेव्हा लोखंड गाळायची जुनी भट्टी सापडली. ती अडीच हजारांहून अधिक वर्षांपूर्वीची आहे. म्हणजे हे ज्ञान आपल्या मुलखाला फार जुने आहे. ते गावच्या कारागिरांचे ज्ञान होते.

पेव: इथे जपा

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. ही नीट वाचा आणि घरी वाचून दाखवा.

जमिनीत गोल, लहान तोंडाचा खड्डा दिसला आणि तो आत रुंद होत गेलेला असला, तर ते पेव असण्याचा संभव आहे. पेव म्हणजे जमिनीतले कोठार. आकार घागरीसारखा: तोंड लहान, पोट मोठे. आत कडबा किंवा भुसा लावत, धान्य भरत, तोंडावर दगड ठेवून मातीने लिंपत. आत हवा जात नसे, म्हणून किडा लागत नसे आणि ज्वारी पुष्कळ टिके. "पेव फुटणे" असे आपण म्हणतो, तो शब्द इथूनच आला. ही रीतही फार जुनी. पुणे जिल्ह्यात इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. तिथे तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांचे धान्य साठवायचे खड्डे निघाले.

पण पेवात मरण बसलेले असते. धान्यही श्वास घेते. ते आतल्या हवेतला प्राणवायू संपवते आणि कार्बन डायऑक्साइड नावाचा वायू सोडते. हा वायू हवेपेक्षा जड असतो, म्हणून तळाशी साचतो. त्याला रंग नाही. माणूस आत उतरतो आणि क्षणात बेशुद्ध पडतो. वरचा माणूस म्हणतो, "भाऊ पडला!" आणि त्याला काढायला उतरतो. तोही पडतो. मग तिसरा उतरतो. अशी एका घरातली दोन-तीन माणसे एकाच वेळी जातात. लोक म्हणतात, धनावरच्या भुताने मारले. भूत नाही, तो वायू आहे. गाळाने सडलेल्या जुन्या विहिरीतही असे विषारी वायू साचतात.

म्हणून हे नियम पाळा:

जुन्या पेवात किंवा पडीक विहिरीत एकट्याने कधीही उतरू नका.

पूर्वी दोरीने दिवा सोडून पाहत. दिवा विझला तर आत प्राणवायू नाही हे खरे. पण दिवा जळत राहिला तरी भरवसा धरू नका. सगळेच विषारी वायू दिव्याला कळत नाहीत.

कुणी आत पडलाच, तर जीव कितीही तुटला तरी त्याच्यामागे उतरू नका. ११२ या नंबरावर फोन करा. लोकांना हाका मारा. त्याला दोर बांधलेला असेल तर वरूनच ओढा.

गावाजवळ उघडे पेव किंवा कठडा नसलेली विहीर असेल, तर तिच्याभोवती काटेरी कुंपण घाला आणि ग्रामपंचायतीला कळवा. रानात पाचोळ्याने झाकलेले तोंड दिसत नाही. लेकरू पळत येते आणि आत जाते.

बेचिराख गाव

महसुलाच्या जुन्या कागदांत काही गावांपुढे "बेचिराख" असा शेरा असतो. हा फारसी शब्द आहे. बे म्हणजे वाचून, चिराग म्हणजे दिवा. ज्या गावात दिवा लागत नाही, ते बेचिराख. गावाचे नाव राहते, शिवार राहते, पण माणसे नसतात.

अशी गावे का उठली? कुठे दुष्काळ पडला. कुठे पटकीची साथ आली. कुठे लुटारूंचा त्रास झाला. कुठे पाणी आटले. अलीकडच्या काळात काही गावे धरणात गेली. पूर्णेवर येलदरी आणि सिद्धेश्वर, पैनगंगेवर इसापूर, ही धरणे झाली तेव्हा लोकांना जुनी घरे सोडून वर यावे लागले. ज्यांचे घर पाण्यात गेले, त्यांना उन्हाळ्यात पाणी कधी उतरते याची अजून ओढ असते. जुन्या पायाचा एखादा दगड दिसला, तरी डोळे भरून येतात.

रानात उठलेले गाव कसे ओळखावे? पहिली खूण माती. शेताची माती काळी, गावठाणाची पांढरी. पिढ्यान् पिढ्या मातीची घरे पडतात, राख पडते, शेण पडते, त्याने जमीन पांढुरकी होते आणि टेकाड वाढते. म्हणूनच आपण शेतीला काळी म्हणतो आणि गावाला पांढरी म्हणतो. दुसरी खूण खापरे. पावसानंतर पाहा, मातीत खापरांचे, बांगड्यांचे तुकडे उघडे पडतात. तिसरी खूण देव. घरे पडली तरी शेंदूर लावलेला मारुती जागेवर असतो. कधी वीरगळ असतो. लढाईत किंवा गुरे राखताना मेलेल्या माणसाचा तो दगड. चौथी खूण झाडे. माणसाने लावलेली चिंच, लिंब, वड ही मोठी झाडे ओळीने किंवा पारावर दिसतात. पडक्या दगडमातीत सीताफळ दाट वाढते.

अलीकडच्या कामांचे अवशेष

सगळेच अवशेष पुरातन नसतात. हिंगोलीला निजामाच्या राज्यात फौजेची छावणी होती. ती फौज १९०३ साली मोडली. हिंगोली ही कापसाचीही मोठी पेठ होती. कापूस म्हटला की जिनिंग आले. जिनिंगच्या पडक्या जागेत उंच भिंती, बॉयलरचे धुराडे आणि यंत्रे बसवायचे दगडी ओटे दिसतात. ओट्यांत लोखंडी बोल्ट अजून असतात.

आपल्याकडची आगगाडी पूर्वी मीटरगेज होती. म्हणजे दोन रुळांत एक मीटर अंतर. पूर्णा ते अकोला हा मार्ग २००८ साली ब्रॉडगेज झाला. जिथे नवा रूळ थोडा बाजूने गेला, तिथे जुना मातीचा भराव आणि मोऱ्या शिल्लक राहतात. आपल्या डोळ्यांदेखत वापरलेली गोष्टही अशी अवशेष होते. उद्या आपल्या नातवंडांना कुणीतरी सांगावे लागेल की ही भिंत कशाची होती.

धनाचा लोभ

आता त्या थारोळ्याचे पुढे काय झाले ते सांगतो. काही वर्षांनी एका रात्री कुणीतरी ते घणाने फोडले. बाजूला लिंबू-कुंकू पडलेले होते. खाली चार हात खणलेले होते. काय निघाले? मुरूम. ज्या दगडाने गावाला पाणी दिले, त्याचे तुकडे झाले. आजी तिथे गेली आणि काही न बोलता घरी आली. त्या दिवशी ती जेवली नाही.

विचार करा. धनवान माणूस आपले धन चुन्याच्या घाणीखाली, जिथे रोज वीस मजूर फिरतात तिथे, कशाला पुरील? "धन दाखवतो" म्हणणाऱ्या मांत्रिकाला धन दिसत असते, तर तो तुमच्याकडे पैसे मागायला कशाला आला असता?

कायदाही ऐका. गुप्तधनासाठी अघोरी, अमानुष प्रकार करणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. जमिनीत दहा रुपयांहून अधिक किमतीचे पुरलेले काही सापडले, तर ते कलेक्टरसाहेबांना कळवावे लागते. हा कायदा १८७८ सालचा आहे. राखीव जंगलात परवानगीवाचून खणता येत नाही. नांगरताना नाणी, मूर्ती किंवा ताम्रपट लागला तर लपवू नका, वितळवू नका, विकू नका. तलाठ्यांना सांगा आणि सांगितल्याची पोच घ्या.

तुम्ही काय करावे

तुम्हाला आता लिहिता येते. ही मोठी गोष्ट आहे. माझ्या आजीला थारोळे ओळखता येत होते, पण लिहिता येत नव्हते. तिच्याबरोबर कितीतरी माहिती गेली. तुमची तशी जाऊ देऊ नका.

एक वही करा. रानात काही जुने दिसले, तर हात न लावता पाहा. दगड हलवू नका, कारण तो जिथे आहे तिथेच त्याची साक्ष आहे. दगडाखाली साप-विंचू असतो, तेही विसरू नका. घरी आल्यावर वहीत लिहा: कोणत्या तारखेला पाहिले, कोणत्या शिवारात पाहिले, ओढ्यापासून किती पावलांवर आहे, कशासारखे दिसते, लांबी-रुंदी किती हात आहे. मग गावातल्या जाणत्या माणसांना विचारा. "आजोबा, तिथं पूर्वी काय होतं?" त्यांनी सांगितलेले त्यांच्या नावासह लिहा. दोघांनी दोन तऱ्हेने सांगितले, तर दोन्ही लिहा. शेवटी ते ग्रामसभेत वाचून दाखवा. बुजलेली विहीर असेल, तर ती उपसता येईल का याचा विचार गाव करील. उघडे पेव असेल, तर ते बंद होईल.

वही सुरू करायला उशीर करू नका. म्हातारी माणसे आज आहेत. पहिल्या पानावर तुमच्या शिवारातल्या सगळ्यांत जुन्या विहिरीचे नाव लिहा आणि ती कुणी खोदली ते आज संध्याकाळीच घरी विचारा.